रॉकेलची नोंद

फोन वाजला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि खोलीत गावंडे मॅडम आणि मी, दोघंच होतो. आमच्या यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला आलेले पाहुणे समोरच्या इमारतीत जेवायला गेले होते. मॅडमनी डबा उघडून पोळीचा पहिला तुकडा भाजीत बुडवला होता. तो तसाच सोडून त्यांनी डाव्या हातानं फोन उचलला.

“बोला,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून हसल्या. “सावरपाणीहून आहे. काकाजी, आपला पहिला खराखुरा पेशंट.”

प्रात्यक्षिकासाठी म्हणून आणलेला तो फोन मोठ्यानं ऐकू येणारा होता. त्यांनी बटण दाबलं. खरखर झाली आणि बाईचा आवाज आला.

“सिस्टर कासदेकर बोलून राहिली, मॅडम. डॉक्टरसाहेब मीटिंगले गेले. इथं एक बाई आणली हाये. देवकाबाई. रेशनच्या दुकानात रॉकेल मोजून देते. टाकीतून नळीनं ओढत होती, ते तोंडात आलं अन् गिळलं गेलं. दोन-तीन घोट गेले म्हणते.”

“शुद्धीवर आहे ना?”

“हाये ना. खोकलून राहिली. मधामधात दुकानदाराले शिव्या देऊन राहिली.”

“मग ठीक आहे. एक मिनिट थांबा.”

मॅडम कॉम्प्युटरकडे वळल्या आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करू लागल्या. रॉकेल. उपाय.

ही एकोणीसशे शहाण्णवची गोष्ट आहे. मी तेव्हा साठीला टेकलो होतो, निवृत्त होऊन दीडेक वर्ष झालं होतं. सव्वीस वर्षं एका कोश-कार्यालयात मी मुद्रितं तपासली. त्यातलं एक पुस्तक होतं विषांवरचं. घरात, शेतात, रानात पोटात जाऊ शकतील अशा सहाशे अकरा पदार्थांच्या नोंदी. प्रत्येकीत लक्षणं आणि डॉक्टर येईपर्यंत करायचे उपाय. ते पुस्तक फारसं कुणी विकत घेतलं नाही. म्हणून एके दिवशी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एक प्राध्यापिका ते हातात घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा त्या घर चुकल्या असाव्यात असंच मला वाटलं.

“मला यंत्राला वाचायला शिकवायचंय,” त्या म्हणाल्या होत्या. “आपण त्याला उत्तरं भरवायची नाहीत. माणूस कोश वाचून शिकतो तसं त्यानं शिकायचं. तुम्ही फक्त मला सांगायचं, कोशवाले लिहितात कसं.”

अकरा महिने मी आठवड्यातून तीन दिवस त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसलो. कंसातला शब्द म्हणजे काय, ‘पहा’ म्हणजे काय, अर्धविरामानंतर नवं लक्षण सुरू होतं की आधीचंच चालू असतं, हे त्या विचारायच्या, मी सांगायचो आणि त्या त्याचा नियम करून यंत्रात घालायच्या. इतके प्रश्न मला जन्मात कुणी विचारले नव्हते. मी त्या दिवसांत फार सुखी होतो, हे सांगितलं पाहिजे. त्यानंतर चार आरोग्य केंद्रांना आमचा नंबर दिला गेला. डॉक्टर जागेवर नसतील तर विचारायचं, एवढंच.

पडद्यावर अक्षरं उमटली. मॅडमनी ती फोनमध्ये वाचली.

“रॉकेल. उपाय : कोमट पाण्यात मीठ कालवून भरपूर पाजावे व वांती करवावी.”

“उलटी करवू?”

“हो. असंच आलंय.”

पलीकडून खोकल्याची एक लांब उबळ ऐकू आली.

“मले वाटलं होतं का...” सिस्टर म्हणाली.

“काय?”

“काई नाई. कम्प्यूटरनं सांगितलं ना?”

“हो. पुस्तकातलंच आहे ते.”

“बरं जी.”

मी “मॅडम” म्हणालो. म्हणालो असं मला वाटतं. ओठ हलले होते, पण आवाज बाहेर आला की नाही ते माहीत नाही. मॅडमनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं, थांबा म्हणून. आणि मी थांबलो. सिस्टरनं फोन ठेवल्याचा आवाज होईपर्यंत मी थांबलो.

“काय म्हणत होता?” मॅडमनी पोळीचा तुकडा उचलला.

“ते रॉकेल. रॉकेलला वांती नसते, असं वाटतं.”

“वाटतं?”

“मी चुकत असेन.”

त्यांचा हात हवेत राहिला. “काकाजी, सगळी उत्तरं तुम्ही तपासलीत. यादीवर तुमची सही आहे.”

“हो.”

“मग?”

मी पुस्तकाच्या कपाटाकडे बोट दाखवलं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती आणि पर्स खालच्या खणात. खण अडकला होता. तो ओढताना डबा कलंडला आणि भाजी कागदांवर सांडली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. पुस्तक मिळाल्यावर मी पान उघडू लागलो तर बोटांना पानं सुटी करता येईनात, दोन-दोन, चार-चार पानं एकदम उलटत होती. शेवटी त्यांनीच पुस्तक माझ्या हातून घेतलं.

“कितवं?”

“एकशे बारा. खनिज तेलं.”

पानावर पहिली नोंद पेट्रोलची होती. तिच्यात सविस्तर लिहिलं होतं : वांती मुळीच करवू नये. वर येताना तेल श्वासनलिकेत शिरून फुप्फुसांस इजा होते व ती प्राणघातक ठरू शकते. तिच्याखाली टर्पेंटाईन. उपाय : वरीलप्रमाणे. त्याच्याखाली रॉकेल. उपाय : वरीलप्रमाणे.

मॅडमनी पान पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. कळ दाबून यंत्रातली आधीची नोंद वर आणली. ती रानएरंडाची होती. कोमट पाण्यात मीठ कालवून भरपूर पाजावे व वांती करवावी. त्या काळी अशा बियांवर तसं सांगत; आता तेही सांगत नाहीत.

त्यांना समजायला वेळ लागला नाही. पुस्तकात नोंदी प्रकारांनुसार होत्या : तेलं एका जागी, बिया एका जागी. यंत्राला चटकन सापडाव्यात म्हणून आम्ही त्या अकारविल्हे लावल्या होत्या. रॉकेलच्या वरचं पेट्रोल निघून ‘प’मध्ये गेलं आणि त्याच्या जागी रानएरंड आलं. यंत्रानं प्रामाणिकपणे वरची नोंद वाचली.

“‘वरीलप्रमाणे’चा नियम मी घातला,” मॅडम म्हणाल्या.

“मी सांगितला.”

त्यांनी फोन ओढला आणि नंबर फिरवला. व्यस्त. पुन्हा फिरवला. या वेळी काहीच आवाज नाही, विहिरीत कान लावावा तसं. तिसऱ्यांदा रेकॉर्ड केलेली बाई बोलली की या मार्गावरच्या सर्व लाईनी व्यस्त आहेत.

“आरोग्य अधिकारी जेवायला बसलेत तिकडे,” त्या उठल्या. “मी त्यांना घेऊन येते. तुम्ही फिरवत राहा. लागला की सांगा, उलटी करवू नका.”

“मी?”

“मग कोण?”

त्या पळाल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली खाली जात बंद झाला.

मी फोनला घाबरतो. आजही. कार्यालयात घंटा वाजली की मी एखादं मुद्रित घेऊन व्हरांड्यात जात असे. सहकारी म्हणायचे, मुळावकरांना फोनची चाहूल आधी लागते. पलीकडचा माणूस दिसत नाही, तो काय चेहरा करतोय ते कळत नाही आणि आपण बोललेलं खोडता येत नाही. त्या खुर्चीत बसून मी नंबर फिरवायला लागलो. सहा आकडे, त्याआधी चार. दोनदा मीच चुकीचा आकडा दाबला. एकदा कुणाच्या तरी पिठाच्या गिरणीत लागला. “कोण पायजे?” त्या माणसानं विचारलं आणि मी त्याची माफी मागण्यात किती वेळ घालवला कोण जाणे.

भिंतीवरच्या घड्याळाकडे मी बघत होतो. पाणी कोमट करायला किती वेळ लागतो? स्टोव्ह असेल तर पाच मिनिटं. चूल असेल तर जास्त. मीठ कालवायला काहीच नाही. पाजायला, नको म्हणणाऱ्या माणसाला पाजायला, दोन-तीन मिनिटं. हे सगळं मी मोजत होतो आणि त्याच वेळी डोक्यात दुसरंच चाललं होतं : पुस्तकच चुकलं असलं तर? वीस वर्षांपूर्वी ते पान मी लावलं. नोंदी खालीवर मीच केल्या असल्या तर? मग मी आता फोन करून एका बाईला बरोबर उपायापासून अडवणार. कुणी येऊन फोन माझ्या हातून काढून घ्यावा असं मला वाटत होतं. दाराकडे बघत मी आकडे दाबत होतो.

दोन वाजायला सहा मिनिटं कमी असताना घंटा वाजू लागली आणि कुणीतरी उचलला.

“सावरपाणी केंद्र.”

“वांती करवू नका,” मी म्हणालो.

“आं? कोण बोलते?”

“रॉकेल प्यालेल्या बाईंना. मीठपाणी देऊ नका. मघाशी सांगितलं ते चुकलं.”

मागून खोकला येत होता. मघासारखा नव्हता. आत काही फाटावं तसा, आणि दोन उबळींच्या मध्ये शिट्टीसारखा श्वास.

“आता सांगता जी?” सिस्टर म्हणाली. “एक गिलास पाजला. ओकली ती. दुसरा माया हातात हाये.”

“तो टाकून द्या.”

“तुमी डॉक्टर हाये का?”

“नाही.”

“मंग कम्प्यूटर सांगते का तसं?”

“नाही. कॉम्प्युटर अजून तेच सांगतोय.”

“मंग मी कोनाचं ऐकू?”

मला वाटतं, बहुधा, माझी चूक होत असेल तर. हे शब्द माझ्या जिभेवर कायम तयार असतात, तेव्हाही होते. खोलीत कुणी नव्हतं. दारातून कुणी येत नव्हतं.

“माझं ऐका,” मी म्हणालो. “पुस्तक माझ्यापुढे उघडं आहे. मी वाचतो.” आणि मी पेट्रोलची नोंद वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत. ओरडूनच वाचली असावी, कारण नंतर शिपाई सांगत होता की खाली पार्किंगपर्यंत ऐकू येत होतं.

पाणी ओतल्याचा आवाज आला.

“फेकलं,” सिस्टर म्हणाली. मग आवाज उतरला. “आमाले बी ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं. मघाशी म्हणतच होती मी. पण कम्प्यूटर सांगते म्हटलं, तर आपण कोण?”

“बाई कशा आहेत?”

“ओठ निळे पडून राहिले तिचे.”

“फोन ठेवू नका,” मी म्हणालो. “काही झालं तरी ठेवू नका.”

मग आम्ही दोघं फोन धरून राहिलो. मी तो खोकला ऐकत होतो. तो थांबला की माझा श्वास थांबायचा, पुन्हा सुरू झाला की सुटायचा. असं किती वेळ, ते मला घड्याळ समोर असून सांगता येणार नाही. शेवटी मॅडम आल्या, त्यांच्यामागे हात न धुतलेले आरोग्य अधिकारी. त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. बाईला बसतं करा, ऑक्सिजनचं सिलिंडर आहे का, नसेल तर कुठं आहे, जीप कुणाची उभी आहे. भराभर, एकही शब्द जास्तीचा नाही. मी उठून भिंतीला टेकलो.

संध्याकाळी देवकाबाईंना जिल्ह्याच्या रुग्णालयात आणलं. दोन्ही फुप्फुसांना सूज होती. पहिले तीन दिवस डॉक्टर वाचण्याची खात्री देत नव्हते.

मॅडमनी त्याच तासात ती सेवा बंद केली. जेवून परतलेल्या पाहुण्यांपुढे उभं राहून काय झालं ते सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, जबाबदारी माझी. कुणीतरी विचारलं, उत्तरं तपासली कुणी होती? “आम्ही सगळ्यांनी,” त्या म्हणाल्या. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी तसं म्हटलं आणि मी म्हणू दिलं.

रुग्णालयात मी नवव्या दिवशी गेलो. त्याआधी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो होतो. एकदा मोसंब्यांची पिशवी सायकलला तशीच अडकवून घरी आणली. बायकोनं काही विचारलं नाही, रस काढून ठेवला.

देवकाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. पस्तिशीच्या, हाडापेरानं मोठ्या, आवाज पार बसलेला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला त्या रेशन दुकानदाराची कुळकथा सांगत होत्या. मला पाहून थांबल्या.

“कोण जी तुमी?”

“मी मुळावकर. फोनवर होतो त्या दिवशी.”

“कम्प्यूटरवाले?”

“त्याला वाचायला शिकवणाऱ्यांपैकी.”

“बसा,” त्या म्हणाल्या. “सिस्टर सांगत होती. नका पाजू म्हणून कोणी ओरडत होतं, ते तुमीच का?”

“हो.”

“मंग तुमच्यानं वाचली म्हणा मी.”

मी तेवढं ऐकून उठू शकलो असतो. डॉक्टरही मला म्हणाले होते की काही रॉकेल नळीनं ओढतानाच आत गेलेलं असणार. त्यानं किती आणि उलटीनं किती, हे कुणालाच सांगता येणार नाही. मोसंबी ठेवून नमस्कार करून मी जाऊ शकलो असतो.

“नाही,” मी म्हणालो. “मला ते आधीच दिसलं होतं.”

“काय?”

दीड महिन्यापूर्वी यंत्राची सहाशे अकरा उत्तरं छापून माझ्याकडे तपासायला आली होती. मी ती घरी, खिडकीशी बसून, एक एक वाचली. रॉकेलपाशी आलो आणि थांबलो. हे चूक आहे, मला कळलं. वाटलं नाही, कळलं. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्हही काढलं. मग बसून राहिलो. यंत्र अक्षर न अक्षर वाचतं, माझी नजर निसटते. वैद्यक इतक्या वर्षांत बदललं असेल. मॅडमनी हे पाहिलंच असेल. इतक्या शिकलेल्या माणसांत जाऊन मी काय विचारणार, आणि माझं चुकलं असलं तर पुन्हा त्या खुर्चीवर कोण बसवणार मला? पुस्तक त्यांच्या कपाटात होतं. एक दिवस जाऊन पान उघडायचं होतं, एवढंच. मी प्रश्नचिन्ह खोडरबरानं पुसलं आणि शेवटच्या पानावर सही केली.

हे मी मॅडमनाही सांगितलं नव्हतं. त्या बाईंना सांगितलं, मोडक्यातोडक्या वाक्यांत, पंख्याच्या कुरकुरीत. शेजारची म्हातारीही ऐकत होती.

देवकाबाई रागावल्या नाहीत. कपाळाला आठी घालून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, “मंग तवाच काऊन नाई बोलले?”

“मला वाटलं, इतरांना जास्त कळत असेल.”

“सिस्टर बी हेच म्हणते,” त्या म्हणाल्या. खोकला आला, तो जिरेपर्यंत त्या थांबल्या. “अन् मी बोंबलून राहिली होती का मले नका पाजू, आत जळते. तर मले म्हणे, तू अडाणी, तुले काय समजते.”

म्हातारी हसली. देवकाबाईही हसल्या, पण हसण्यानं पुन्हा खोकला आला. मी गडव्यातलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. त्यांनी आधी त्याचा वास घेतला, मग प्यायल्या.

नंतर उशीखालून त्यांनी एक घडी केलेला कागद काढला.

“परवा सोडतात मले. औषधं लिहून देली. मले वाचता येत नाई. वाचा.”

मी चष्मा लावला. कागद डॉक्टरी अक्षरात होता. पहिली गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. दुसरी रात्री. तिसऱ्या औषधापुढे आकडा होता. तो एक होता की दोन, ते कळत नव्हतं. मी कागद उजेडाकडे धरला. एकच असावा.

“काय झालं?” देवकाबाई म्हणाल्या.

“हा आकडा मला लागत नाही. विचारून येतो.”

वॉर्डच्या टोकाला टेबल होतं. तिथली सिस्टर वहीत काही उतरवत होती, भोवती पाच-सहा नातेवाईक. मी त्यांच्या मागे उभा राहिलो. मग त्यांच्यातून वाट काढून पुढे झालो आणि कागद वहीवर ठेवला.

“एक,” तिनं मान वर न करता सांगितलं.

“नीट बघून सांगा.”

“सांगितलं ना काका, एक. मागे रांग आहे.”

माझे कान तापले होते. मागून कुणीतरी कोपरानं ढकलत होतं.

“पुन्हा एकदा बघा,” मी म्हणालो.

तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, कागद उचलला, खिडकीशी नेला आणि वाचला. परत येऊन म्हणाली, “एकच आहे. झालं समाधान?”

मी परत खाटेपाशी आलो.

“एक,” मी सांगितलं.

“नक्की?”

“विचारून आलो,” मी म्हणालो. “दोनदा.”